आवाज कधीपासून येतो

तलमडुगु, जि. आदिलाबाद
सोमवार, ६ जानेवारी २०२५

चि. जीवन यास दादाचे अनेक आशीर्वाद.

आधी सगळ्यांची विचारपूस करतो, मग बाकीचं. तुझे गुडघे कसे आहेत? तीस वर्षं खाणीत चढउतार केलेले गुडघे, ते रिटायर झाल्यावरच कुरकुरायला लागतात. पूर्णिमाची साखर आता किती राहते? चहात गूळ टाकून ‘हा चालते’ म्हणायची, ते अजून चालूच आहे का? हर्षदीपला हैदराबादचं पाणी मानवलं का? अर्पिताचं लेकरू आता भिंतीला धरून उभं राहत असेल. कोणावर गेलंय ते मला कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. आणि तुमचा तो लंगडा कुत्रा, तो आहे का अजून?

इकडे सर्व खुशाल आहे.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. कागदाचं बरं असतं. तो बंद करता येत नाही, आणि मंचेरियलचा पोस्टमन तो तुझ्या दारात टाकूनच जाईल. शाळा माझी चौथीपर्यंत, बाकीचं अक्षर मोटारींच्या वायरिंगची पुस्तकं वाचून आलेलं. तेव्हा चुका असतील त्या पोटात घाल.

दुकान अर्धं चालू आहे. सकाळी उघडतो, एखादी पाण्याची मोटर रिवाइंडिंगला येते, दुपारी बंद करतो. पूर्वी तीन हॉर्सची मोटर एकट्याने टेबलावर ठेवायचो. आता नुसतं कॉईलचं भेंडोळं उचललं तरी दम लागतो. छातीत धडधड असते, तीही सरळ नाही. दोन ठोके घाईने, मग एक गाळलेला, मग तीन एकदम. तांब्याच्या तारेचे वेढे मोजता मोजता मध्येच आकडा विसरतो आणि पुन्हा पहिल्यापासून. तुझी वहिनी रेणुका म्हणते, ‘तुमी मोटर भरून राह्यले का जप करून राह्यले?’

लेकीने ओढून आदिलाबादला नेलं. तिथे बँकेत आहे ती, तिच्याच गल्लीच्या तोंडाशी एक हृदयाची डॉक्टर बसते. नीलिमा नाव. तेलुगू बाई, आपल्या साक्षीपेक्षा दोन-चार वर्षांनीच मोठी असेल. मला ‘तातगारू’ म्हणते, म्हणजे आजोबा. तिने ईसीजीची पट्टी काढली, छातीवर थंड जेल लावून पडद्यावर काळीज पाहिलं, आणि म्हणाली की वरचे कप्पे नुसते थरथरतात, पिळत नाहीत. औषधाने ताल आला नाही, तर बेशुद्ध करून छातीवर विजेचा झटका द्यायचा. मी म्हटलं, बाई, पन्नास वर्षं झटके खाऊन राह्यलो, अजून एक. ती हसली. मग विचारलं, ‘तातगारू, हे कधीपासून आहे?’

मी सांगितलं, दिवाळीपासून.

ती म्हणाली, मग चांगलं आहे, वर्षाच्या आतलं आहे, झटक्याने ताल यायची आशा बरीच आहे. वर्षावर गेलं की तेवढी आशा राहत नाही, मग मी सहसा त्या वाटेला जात नाही.

जीवन, तेवढ्यासाठी लिहितोय. अर्पिताच्या लग्नात तू मला खाणीच्या दवाखान्यात नेऊन जी पट्टी काढवली होतीस, ती तुझ्याकडे असेल. असू दे तिथेच. साक्षीला त्या पट्टीचं माहीत नाही. तिने तुला फोन केला तर दोन वर्षांचं काही बोलू नको. माझा ताल आला की मी पुन्हा टेबलाशी उभा राहतो. एवढं एकच मागणं आहे. लग्नात जे झालं ते झालं, माणसाच्या तोंडून एखादा शब्द जातो.

परवाच्या शुक्रवारपासून रोज रात्री रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली आहे. तीन आठवडे ती घ्यायची, मग २४ तारखेला झटका. रेणुका तुम्हा सर्वांना आशीर्वाद सांगते.

तुझा,
दादा


तलमडुगु
शनिवार, २५ जानेवारी २०२५

चि. जीवन यास आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. पण पूर्णिमाने रेणुकाला फोन केला होता, ते मला रात्री भाकरी वाढताना कळलं. पत्र पोचलं म्हणे. तू ते उभ्या उभ्या वाचलंस आणि ड्युटीच्या जुन्या बॅगेत ठेवलंस. फाडलं नाहीस, हे ऐकून बरं वाटलं. तिने अजून एक सांगितलं. तू हल्ली जिन्याच्या चौथ्या पायरीवर कठड्याला धरून थांबतोस, आणि विचारलं तर ‘काई नाई’ म्हणतोस. गुडघे असतील.

काल झटका द्यायचा होता. दिला नाही. काऊन दिला नाही ते सांगतो, हसू नको.

उपाशी यायला सांगितलं होतं. मी म्हटलं, उपासाची आपल्याला सवय. सकाळी कॉटवर निजवलं, हातात सुई टोचली. साक्षी बाजूला उभी. नर्स आदिलाबादचीच, आपल्याकडली पोरगी, हातात फॉर्म घेऊन विचारत होती.

‘आजोबा, शेवटचं कधी जेवले?’

‘परवा रात्री.’

‘परवा? काल काऊन नाई?’

‘काल गुरुवार होता ना. माहा गुरुवार असते. आज सकाळी सोडतो, पण आज तुमीच उपाशी ठेवलं.’

‘आणि कालची गोळी?’

‘गोळी जेवणानंतरची हाय, माय. पाकिटावर लिहिलं हाय, रात्री जेवणानंतर. जेवणच नाई, त गोळी कशी घेणार?’

तिने लेखणी थांबवली. ‘मागच्या गुरुवारी?’

‘तवाही नाई घेतली.’

‘त्याच्या मागच्या?’

‘अवं, गुरुवार त दर हप्त्याले येते!’

नर्स आत गेली आणि डॉक्टरबाई बाहेर आली. तुला सांगतो, एवढीशी बाई, पण ट्रान्सफॉर्मरसारखी तापली होती. आधी तेलुगूत साक्षीवर, मग हिंदीत माझ्यावर. वरचे कप्पे थरथरत असले की कोपऱ्यात रक्त साकळतं, म्हणे. गाठ धरते. आणि झटक्याने कप्पे पुन्हा पिळायला लागले की तीच गाठ सुटून मेंदूत जाऊ शकते. ‘मग तातगारू, काळीज नीट आणि अर्धं अंग लुळं. चालेल?’ म्हणून तीन आठवडे एकही गोळी चुकवायची नव्हती. आणि ही गोळी पोटात अन्न असलं तरच नीट लागू पडते, म्हणून ‘जेवणानंतर’ लिहिलं होतं. मी तेवढा शब्द पाळला आणि गोळी सोडली.

हैदराबादला नेऊन घशातून नळी घालून गाठ आहे का ते पाहता येतं, ती म्हणाली, नाहीतर पुन्हा तीन आठवडे, पहिल्यापासून. मी म्हटलं, पहिल्यापासून. हातातली सुई काढली, वर कापूस लावला, आणि आम्ही घरी.

घराजवळ आल्यावर साक्षी म्हणाली, ‘बाबा, डॉक्टरबाईने मधे फोनवर विचारलं होतं ना, गोळी चुकली का म्हणून? तुमी दोनदा नाई म्हटलं.’

माझ्या लेखी चुकली नव्हतीच, जीवन. उपासाला गोळी नसते, एवढं मला साधं वाटलं.

तो गुरुवार आईचा. तुला आठवत असेल, ती गुरुवारी रात्रीही काही खायची नाही, शुक्रवारी सकाळी देवाला दूध दाखवून मगच सोडायची. ती गेल्यावर तिचा नेम मी घेतला. बारा वर्षं मोडला नाही. रेणुकाला म्हटलं, येत्या गुरुवारपासून माझी भाकर टाक. तिने पीठ मळताना डोळे पुसले. मी तिकडे पाहिलं नाही.

अर्धं अंग लुळं, हे शब्द डॉक्टरबाईच्या तोंडून आले तेव्हा मला कॉटवर आईच दिसली. तिचंही डावं अंग गेलं होतं. पण ते पुढे कधी लिहीन.

इकडे बाकी खुशाल. जिन्याच्या पायऱ्यांचं काय ते लिही.

तुझा,
दादा


तलमडुगु
सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५

चि. जीवन,

आशीर्वाद. शुक्रवारी झटका दिला. ताल आला.

एवढंच लिहून पाकीट बंद करावं असं वाटलं होतं. पण तू आयुष्यभर विजेचं काम केलंस. कसं दिलं, कुठे दिलं, हे तुला वाचायचंच असणार.

मला झोपेचं इंजेक्शन द्यायच्या आधीच मी विचारून घेतलं, किती व्होल्ट? डॉक्टरबाई म्हणाली, इथे ज्यूलमध्ये मोजतात, तातगारू. आणि मशीन आधी काळजाचा ठोका पाहते, बरोबर जागा साधते, मगच सोडते. भलत्या क्षणी सोडलं तर सगळंच बंद पडायचं. मला ते पटलं. अडकलेल्या मोटरीचा पंखा आपण लाकडाने ढकलतो, तेव्हा कोणत्या बाजूने फिरणार ते पाहूनच ढकलतो ना.

पुढचं मला साक्षीने सांगितलं, तिला दारातून दिसत होतं. छातीवर आणि कुशीला चिकटपट्ट्या लावून पहिला झटका दिला. काही नाही. दुसरा जरा मोठा दिला. तरी नाही. मग डॉक्टरबाईने पाहिलं की माझ्या छातीवर केस, आणि चिकटपट्टी नीट बसलीच नव्हती. तुला सांगायला नको, संपर्क सैल असला की अर्धी वीज हवेत जाते. नर्सने वस्तऱ्याने केस काढले. नव्या पट्ट्या आणल्या, एक छातीवर आणि एक पाठीला, दोन्हींच्या मधोमध काळीज येईल अशी. वरून दाबून धरलं आणि तिसरा दिला. साक्षी म्हणते, मी कॉटवरून उडालो. पडद्यावर एक सरळ रेघ आली, आणि मग ठोका. मग पुन्हा ठोका. बरोबर तेवढ्याच अंतराने.

डोळे उघडले तर छाती एवढी शांत, की मला वाटलं काहीतरी बंद पडलं. दुकानाशेजारची पिठाची गिरणी बंद झाली की कसं कान रिकामे होतात, तसं. मनगटावर बोट ठेवून मी साठापर्यंत मोजत राहिलो. एकही गाळलेला नाही.

बाईने मग बजावलं. रक्ताची गोळी सोडायची नाही, झटक्यानंतर तर मुळीच नाही. ताल धरून ठेवायची दुसरी गोळी दिली. थायरॉइडचं रक्त तपासलं, ते ठीक निघालं. बीपी सांभाळा, वजन उतरवा, दारू असली तर सोडा. तिने रेणुकाला विचारलं, हे घोरतात का? रेणुका म्हणाली, ‘घोरत नाई, बाई, जनरेटर चालवते. मधेच बंद पडते, मी उठून पाहते तोवर पुन्हा सुरू.’ मला वाटलं हसण्यावारी नेईल. तिने तेही लिहून घेतलं. असा मधेच श्वास अडकणाऱ्या माणसाचा ताल पुन्हा सुटायची भीती जास्त असते, म्हणे. नागपूरला झोपेची तपासणी करून घ्यायची आहे.

शनिवारी दुकान उघडलं. अर्ध्या हॉर्सची घरगुती मोटर होती, तीनशे वीस वेढे एका दमात घातले. रेणुकाने चहा आणला आणि पहिल्यांदाच बाजूच्या स्टुलावर बसून राहिली.

तू बोलला नाहीस. साक्षीला मी आडून आडून विचारलं, काकाने काही सांगितलं का. ‘त्यांनी फक्त दादा कसा आहे एवढंच विचारलं,’ ती म्हणाली. म्हणजे तू माझं ऐकलंस. दोन वर्षांचं झाकलंस. मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो थोडा.

थकवा मात्र आहे. झटक्याचा नाही, दुसराच. तो काय आहे ते मला अजून नीट सांगता येत नाही.

इकडे सर्व खुशाल. या वेळी खरोखरच.

तुझा,
दादा


तलमडुगु
रविवार, २ मार्च २०२५

जीवन,

इकडे सर्व खुशाल नाही.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, ताल गेला. अकरा दिवस टिकला. मी वार्निशचा डबा उघडत होतो. काही उचललं नव्हतं, धावलो नव्हतो. नुसतं झाकण फिरवताना छातीत आधी एक उचकी आल्यासारखं झालं, आणि मग तीच जुनी धावपळ. डबा ठेवला. टेबलाला धरून उभा राहिलो. रेणुका आतून म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, काई नाई.

हे ‘काई नाई’ आपल्या घरात कोणी आणलं रे? आईने आणलं की आपण तिला शिकवलं?

परवा शुक्रवारी आदिलाबादला गेलो. डॉक्टरबाईने पट्टी काढली, मग पुन्हा पडद्यावर पाहिलं. या वेळी घाई नव्हती तिला. मापं घेतली, जुनी मापं काढून जवळ ठेवली. मग खुर्ची ओढून कॉटपाशी बसली आणि साक्षीला म्हणाली, तू बाहेर चहा घेऊन ये.

मला म्हणाली, ‘तातगारू, गोळ्या सगळ्या घेतल्या?’

घेतल्या होत्या. गुरुवारीसुद्धा.

‘थायरॉइड ठीक. दारू नाही. घोरणं आहे, वजन आहे, पण तेवढ्याने एवढ्या लवकर सुटत नाही.’ मग तिने पडद्यावर बोट ठेवलं. ‘हा डावीकडचा वरचा कप्पा. किती ताणलाय बघा. पहिल्याच दिवशी मला हा मोठा वाटला होता, पण तुमच्या दिवाळीवर मी विश्वास ठेवला. कप्पा तीन-चार महिन्यांत एवढा होत नाही. एन्नाळ्ळ नुंची, तातगारू? कधीपासून?’

जीवन, हा प्रश्न कोणाचा आहे? माझा आहे. पन्नास वर्षं जळकी मोटर घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी हाच विचारला. ‘आवाज कधीपासून येते?’ आणि प्रत्येकजण हेच सांगतो, ‘कालपासूनच, मिस्त्री, काल रातच्याला घरघरली आन बंद पडली.’ मी झाकण उघडतो. आत तार काळी ठिक्कर, बेअरिंग घासून पातळ झालेलं, आणि वास असा, की दोन महिने ती घरघरत होती हे आंधळ्यालाही कळावं. तेव्हा मी काय बोलायचो, तुला माहीत आहे, तू माझ्यापाशीच शिकलास. ‘लेका, माह्याशी लबाडी करून काय फायदा? मी उघडून पाहणारच हाय. पयल्या दिवशी आणली असती त नुसतं बेअरिंग बदललं असतं.’

तिने माझं झाकण उघडून पाहिलं होतं.

मी सांगितलं. दोन वर्षं. सांगताना माझ्या लक्षात आलं की हेही खरं नाही. तू पट्टी काढलीस त्याच्याही आधीपासून मला ती धडधड होत होती. लग्नाची पत्रिका घेऊन तू आला होतास, त्या दिवसांत मी विहिरीपाशी दोनदा बसलो होतो. म्हणजे अडीच वर्षं. तेही सांगितलं.

ती रागावली नाही, हे जास्त लागलं. म्हणाली, तेव्हा आला असतात तर पहिल्या झटक्यातच बसलं असतं कदाचित. कदाचित, हं. आता पुन्हा झटका दिला तरी टिकेल असं मला वाटत नाही. आता ताल नाही, वेग सांभाळू. रक्ताची गोळी जन्मभर. असं जगता येतं, तातगारू, पुष्कळ माणसं जगतात. हळू काम करा.

मग मोठी मोटर टेबलावर घ्यायची नाही, हे तिने न सांगताही मला कळलं.

उठताना तिने एक शेवटचं विचारलं. घरात कोणाला होतं का? आईला, वडिलांना? भाऊबहीण आहेत?

आता आईचं लिहितो. त्यासाठीच हे पत्र आहे, वरचं सगळं रस्ता चालणं होतं.

आईला हेच होतं. जायच्या आधी वर्षभर ती मला सांगत होती, ‘अमृत, छातीत कोंबडीचं पिल्लू धरल्यावानी वाटते रे.’ मी तिला ओवा दिला, हिंग दिला. एकदा तलमडुगुच्या कंपाउंडरला दाखवलं, तो म्हणाला शहरात न्या. नेलं नाही. तू दर रविवारी फोन करायचास, आणि मी दर रविवारी सांगायचो, आई मजेत आहे. तुझी फोरमनची परीक्षा होती. मी स्वतःला सांगत होतो, त्याच्या डोक्याला ताप नको. खरं म्हणजे तू आला असतास, तिला पाहिलं असतंस, आणि मला विचारलं असतंस, दादा, हे कधीपासून आहे? ते मला नको होतं.

मग सोमवारी सकाळी तिचं डावं अंग गेलं. मी तुला शुक्रवारी कळवलं, ती गेल्यावर. चार दिवस, जीवन. रोज वाटायचं, उद्या डोळे उघडेल, मग बरी बातमी देऊ. तू रातोरात उटनूरमार्गे मिळेल त्या बसने आलास, तेव्हा आम्ही राख सावडून परत येत होतो. तू पायातली चप्पलही काढली नव्हतीस. तू मला काही विचारलं नाहीस. मी काही सांगितलं नाही.

आणि एवढं पोटात ठेवून मी तुझ्या लेकीच्या लग्नात काय केलं? तू हॉलच्या जिन्यावर माझा दम पाहिलास, कन्यादान तासावर आलेलं असताना मला खाणीच्या दवाखान्यात नेलंस, पट्टी काढवलीस, आणि येऊन हळू आवाजात म्हणालास, दादा, ताल बरोबर नाही, उद्याच आदिलाबादला दाखव. आणि मी अर्पिताच्या सासऱ्यासमोर, चारचौघांत म्हटलं, ‘आई मरताना कुठं होता रे तू? आता माही नाडी पाहून राह्यला?’

तू पट्टीची घडी घातलीस आणि खिशात ठेवलीस.

तू कुठे होतास? मी ठेवलं तिथे होतास. मी ‘मजेत’ म्हणायचो म्हणून मंचेरियलला होतास. हे मला तेव्हाही ठाऊक होतं, बोलता बोलताही ठाऊक होतं. तुला माफ कर म्हणायला माझी जीभ वळत नाही, म्हातारी झाली आहे. पण हात अजून वळतो, म्हणून लिहितो. माफ कर.

आता तुझं. आईला होतं, मला आहे, आणि तू चौथ्या पायरीवर थांबतोस. गुडघ्यासाठी माणूस कठडा धरतो, पण गुडघ्यासाठी छातीवर हात ठेवत नाही. पूर्णिमाने काल साक्षीला सांगितलं की तू ठेवतोस. मनगटावर बोट ठेवून बघ. माझ्या मनगटावर ठेवलं होतंस तसंच. साठ मोज. एकही ठोका गाळलेला, घाईने आलेला वाटला, तर त्याच दिवशी जाऊन पट्टी काढ. तुझी अडीच वर्षं झालेली नसतील. कदाचित तीन महिने असतील. कदाचित तुझं नुसतं बेअरिंगच असेल. डॉक्टरबाईने मला भाऊ विचारला तेव्हा मी म्हटलं, एक आहे, धाकटा, शहाणा. ती म्हणाली, मग त्याला लवकर पाठवा. म्हणून पुढच्या मंगळवारी साक्षी सकाळच्या बसने मंचेरियलला येते आहे. तिला दारातून परत लावू नको. माझी जुनी पट्टी तिच्याकडे दे, आता ती झाकायचं कारण उरलं नाही, आणि डॉक्टरबाईला ती पाहायची आहे. आणि साक्षीबरोबर तूही ये. आदिलाबादला उतर, बाईला दाखव, मग इकडे ये किंवा नको येऊ, ते तुझ्यावर.

आलास तर रेणुका अंबाडीची भाजी करेल. गुरुवारी आलास तरी करेल.

मी बरा आहे आणि बरा नाही. सकाळी दुकान उघडतो, लहान मोटारी घेतो, मोठ्या परत पाठवतो. काल एकजण पाच हॉर्सची मोटर रिक्षात टाकून आला आणि उतरता उतरताच म्हणाला, कालपासूनच बंद हाय, मिस्त्री. मी त्याला रागावलो नाही. म्हटलं, बस, चहा घे, आणि खरं कधीपासून ते सांग.

उत्तर लवकर लिही. साक्षीच्या हाती दिलंस तरी चालेल, चार ओळी पुरेत. कोण कसं आहे ते एकेकाचं नाव घेऊन लिही, आणि तुझ्या नावापुढे तारीख लिही, कधीपासून ती. ‘खुशाल’ तेवढं लिहू नको.

तुझाच,
अमृत